उत्तरेची भिंत

तोर्ना, सारेमा बेट, एस्टोनिया
१९ ऑक्टोबर १९९६

प्रिय एंडेल,

कॉफी आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे मी मिन्नाआजीला दिले, रागावू नकोस. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई गेल्या रविवारी दोन कोट चढवून उपासनेला बसली होती, तरी तिचे दात वाजत होते. ताउनो पाळकांचं प्रवचन मागच्या बाकापर्यंत पोचलं नसेल, मिन्नाचे दात मात्र पोचले.

आता कामाचं. परवा डीनसाहेब, आमच्या पाळकांचे वरिष्ठ, येऊन गेले. बरंच गोड बोलले आणि जाताना सांगितलं, की हिवाळ्यात तोर्नाच्या चर्चमध्ये उपासना होत नसेल तर ही मंडळी किहेलच्या मंडळीत मिसळून टाकावी लागेल. किहेल बावीस किलोमीटर. मिन्ना जाणार आहे का बावीस किलोमीटर? आम्ही एकोणीसजण उरलोय, त्यांतले बाराजण सत्तरीच्या पुढचे. आज आत पारा चारावर होता. जानेवारीत उणे सातावर जातो, वेदीवरच्या फुलदाणीतलं पाणी गोठून फुलदाणी फुटते. लाकडाची शेगडी पेटवून पाहिली. घंटेचा दोर जिथून खाली येतो ना, त्या भोकातून सगळी ऊब वर मनोऱ्यात जाते. आर्वेद म्हणतो, घंटा गरम आणि माणसं गार. घंटा तोच वाजवतो, त्याला ठाऊक.

चाळीस वर्षं सोव्हिएत सरकारने इथे आधी धान्य साठवलं, नंतर मासेमारीची जाळी. तेवढं सोसून चर्च परत मिळालं, ते थंडीपायी जाऊ द्यायचं म्हणजे फार झालं. तू जन्मभर इमारतींत हवा खेळवायची कामं केलीस. ९२ साली आलास तेव्हा भिंतींवर बोटं वाजवून बघत होतास, लोक अजून सांगतात. तेव्हा आमच्या इंजिनियरने सांगावं, ऊब आत कशी ठेवायची?

तुझी ताई,
वाइके


बोरोस
३ नोव्हेंबर १९९६

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. इतकी वर्षं स्वीडनमध्ये राहून माझं लिहिणं आता स्वीडिश वळणाने जातं, हसू नकोस.

प्रश्न सोपा आहे. ऊब नेहमी वर जाते आणि थंडी खालून शिरते. म्हणून आधी दोराचं भोक बंद करायचं. वरून फळ्या ठोका आणि त्यावर जाड लोकरी नमद्याचे दोन थर. दोर जाण्यापुरती दोन बोटं जागा सोडली तरी पुरे. मग खिडक्या. काचांच्या भेगांत लांबी भरा आणि आतून लाकडी चौकटीवर जाड प्लास्टिक ताणून लावा. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीत जमिनीलगत जे लोखंडी जाळीचे झरोके आहेत, आपण लहानपणी त्यांतून मांजर आत सोडायचो, ते सगळे गच्च भरून टाका. मुख्य दाराला आतून जाड पडदा. एकही फट ठेवायची नाही. हे नियमाने केलंत तर अर्धी थंडी तिथेच संपते.

उरलेल्या अर्ध्यासाठी इथल्या आपल्या एस्टोनियन मंडळाच्या ट्रकमधून रॉकेलच्या दोन मोठ्या शेगड्या पाठवतो. त्यांना धुराडं लागत नाही, म्हणजे ऊब धुराड्यातून वाया जायचा प्रश्नच नाही.

आई असती तर तिला सांगायला हवं होतं.

तुझा,
एंडेल


तोर्ना
२९ डिसेंबर १९९६

प्रिय एंडेल,

कुठून सुरुवात करू? नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये एकसष्ट माणसं होती. मी दोनदा मोजली. पारा अकरावर. मिन्नाने वरच्या कोटाची बटणं सोडली आणि शेजारणीला म्हणाली, "१९३९ नंतर पहिल्यांदा." काय पहिल्यांदा ते सांगितलं नाही, पण रशियन राज्याआधीचं ते शेवटचं वर्ष, आम्हाला कळलं. शाळेतल्या बाईंनी मोडलेला गायकवर्ग पुन्हा जमवलाय. लोक उपासना संपल्यावर उठेचनात, शेगडीभोवती उभं राहून गप्पा. पाळकांनी शेवटी दिवे मालवले.

काम दहा दिवस चाललं. शिडीवर मी स्वतः चढले, पासष्टीची बाई. आर्वेद तेवढा कुरकुरत होता. तो गवंड्याचा मुलगा, तुला माहीत आहे. झरोक्यात चिंध्या कोंबत होते तर मागे येऊन उभा राहिला.

"वाइके, हे झरोके माझ्या पणज्याच्याही आधीचे आहेत. कुणी उगाच ठेवले नसतील."

मी म्हटलं, "मांजरांसाठी ठेवले असतील."

"एखादा तरी राहू दे."

"तू इंजिनियर आहेस का आर्वेद?"

 मग उरलेले झरोके त्यानेच भरले, आणि माझ्यापेक्षा चांगले भरले.

डीनसाहेबांना एकसष्टचा आकडा कळवलाय. त्यांचं उत्तर आलं, 'आनंद झाला.' एवढंच. पण किहेलचा विषय नाही.

नाताळच्या जेवणातला रक्ताच्या सॉसेजचा एक तुकडा तुझ्या नावाने ताटात ठेवला होता. नंतर मीच खाल्ला.

वाइके


बोरोस
१२ जानेवारी १९९७

प्रिय ताई,

तुझं पत्र मी काल मंडळात मोठ्याने वाचून दाखवलं. चाळीस-पन्नास माणसं असतील. 'पारा अकरावर' म्हटल्यावर टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या सालमेला रडू आलं, तिचा बाप्तिस्मा तुमच्या शेजारच्या गावचा. अध्यक्ष म्हणाले, एंडेल, तुला यातलं एवढं कळतं हे आम्हाला कधी सांगितलं नाहीस.

मी जूनमध्ये सेंट जॉनच्या रात्रीच्या सणाला येतो. येताना एक छोटा पंखा आणतो, छताजवळची ऊब खाली ढकलायला. उत्तरेच्या भिंतीवर रंगवलेल्या बायबलातल्या त्या दहा कुमारींसमोर आपण दोघं उभं राहून फोटो काढू.

एंडेल


तोर्ना
१६ फेब्रुवारी १९९७

प्रिय एंडेल,

एक विचारायचं होतं. उत्तरेची भिंत ओली होते आहे. आधी सकाळी जरा चमक दिसायची, आता रविवारी दुपारपर्यंत ओघळ खाली येतात. चित्रांवरूनच येतात. ७४ साली तार्तू विद्यापीठाच्या लोकांनी वरचा चुना खरवडून दहा कुमारी बाहेर काढल्या, तेव्हापासून मी त्या बघते, चर्चची किल्ली माझ्याकडे आल्यापासून तर रोज. त्यांच्यावर पाणी कधी पाहिलं नव्हतं.

आणि झालं असं की मिन्नाने कुणाला तरी सांगितलं, कुमारी रडतायत. गेल्या रविवारी दुसऱ्या गावांतून बाया आल्या. एकीने भिंतीला हात लावून डोळ्यांना लावला. पाळक चिडले, म्हणाले, आपण लूथरचे लोक आहोत, असले चमत्कार मानत नाही, भिंत रडत नाही. मिन्ना म्हणाली, "मग तुम्ही सांगा पाळकसाहेब, काय करते ती?" 

आर्वेद दोन झरोके उघडू म्हणतो. बाहेर उणे अठरा आहे. उघडले तर पारा पाचावर येईल आणि माणसं पुन्हा घरी बसतील. गायकवर्गात आता चौदाजण आहेत. तू सांगशील तसं करते.

वाइके


बोरोस
२ मार्च १९९७

प्रिय ताई,

झरोके अजिबात उघडू नका. थंड बाटली खोलीत आणली की तिला घाम येतो, तसंच आहे हे. भिंत अजून थंड आहे म्हणून ओली होते. म्हणजे शेगड्या कमी पडतायत. रविवारऐवजी शनिवारी दुपारपासून पेटवा, भिंत आतून तापली की घाम आपोआप थांबेल. बारीक फटी राहिल्या असतील तर त्याही बुजवा. आर्वेदला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, घंटा वाजव.

एंडेल


तोर्ना
२५ मे १९९७

प्रिय एंडेल,

शेगड्या झाकून मनोऱ्याखाली ठेवल्या. ईस्टरला त्रेपन्न माणसं होती. बाहेर छान ऊन पडतं, म्हणून आईसारखी मीही दुपारची दारं उघडून ठेवते, म्हणजे चर्चमध्ये उन्हाळा शिरतो. झरोके आणि खिडक्या तू म्हणालास तशाच ठेवल्यात, पुढच्या हिवाळ्यासाठी. भिंतीचं आता ठीक आहे.

तुला काम असेल तर जूनमध्ये मुद्दाम चर्चसाठी येण्याची धावपळ करू नकोस. बटाटे लावून झाले. मिन्नाचे पाय सुजलेत.

वाइके


बोरोस
१८ जून १९९७

प्रिय ताई,

मला येता येत नाही. जुन्या कंपनीने एका मोठ्या इमारतीच्या हवेच्या कामात सल्ला मागितलाय, नाही म्हणता आलं नाही. शिवाय खोकला जरा रेंगाळलाय. भिंत ठीक आहे हे वाचून मला किती बरं वाटलं ते तुला सांगता येणार नाही. खरंच ठीक आहे ना?

एंडेल


तोर्ना
७ सप्टेंबर १९९७

प्रिय एंडेल,

नाही, ठीक नाही. मे महिन्यात मी खोटं लिहिलं.

मार्चपासूनच काळे ठिपके होते. आधी कुमारींच्या पायांशी, मग वर. आम्ही शनिवारपासून शेगड्या पेटवायला लागलो तेव्हा ते जास्तच भराभर पसरले. मला वाटलं, उन्हाळ्यात वाळतील. जुलैत रंगाचे पापुद्रे सुटायला लागले. बाकांवर पडायचे, झाडायला गेलं की भुकटी. शेवटी पाळकांनी ताल्लिनला फोन केला आणि तिथून सिग्ने नावाची बाई आली. जुनी भिंतचित्रं राखायचं काम करते. पस्तिशीची असेल. तिने दार उघडलं, नाकाने हवा ओढली आणि तिथेच उंबऱ्यावर थांबली.

"हे सगळं कुणी बंद केलं?"

"मी," म्हटलं.

ती शिडी लावून दोन तास भिंतीजवळ होती. उतरल्यावर शेगड्यांवरचं कापड उचलून बघितलं आणि बाकावर बसली.

"हिवाळाभरात किती रॉकेल जाळलंत?"

"तीनशे लिटर असेल."

"एक लिटर रॉकेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे तुम्ही तीनशे लिटर पाणी या हवेत सोडलंत, वर साठ माणसांचा श्वास. त्याला बाहेर जायला एक वाट ठेवली नाहीत. ते मग सगळ्यांत थंड भिंतीवर जाऊन बसलं."

"आणि उन्हाळ्यात मी दारं उघडली होती."

"मेमध्ये?" तिने डोळे मिटले. "मेमध्ये भिंत अजून हिवाळ्याएवढी गार असते. बाहेरची गरम दमट हवा आत आली की पुन्हा तेच. दुपारी नाही, गार कोरड्या सकाळी उघडायची."

मी म्हटलं, आम्हाला माणसं गारठू द्यायची नव्हती. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "ही भिंत साडेपाचशे वर्षं थंड होती आणि धड होती. इमारत तापवायची नसते, माणसं तापवायची. बाकांवर नमदा, पायाखाली फळ्या, गुडघ्यांवर घोंगडी. वरचं भोक झाकलंत ते चुकलं नव्हतं. पण खालचे झरोके..."

दहांपैकी सात कुमारींना आता चेहरे नाहीत. उरलेल्या तिघींना ती रंग गळू नये म्हणून पातळ जपानी कागद चिकटवून गेली. एप्रिलमध्ये झरोके उघडून भिंत हळूहळू सुकू दिली असती तर निम्म्या तरी वाचल्या असत्या, असं म्हणाली.

चर्चला कुलूप आहे. उपासना शाळेच्या जेवणघरात होते, तिथे कोबीचा वास येतो. गेल्या रविवारी नऊजण.

'कुणाच्या सल्ल्याने केलंत?' असं सिग्नेने लिहून घ्यायला विचारलं होतं. मी 'माझ्याच डोक्याने' असं सांगितलं. तुझं नाव कुठे येणार नाही. पण एंडेल, तुला हे माहीत कसं नव्हतं?

वाइके


बोरोस, इस्पितळ
५ ऑक्टोबर १९९७

ताई,

वरचा पत्ता बघितलास. आता इथेच लिही.

मी इंजिनियर नाही. कधीच नव्हतो. १९५७ साली पहिल्यांदा तुम्हाला पत्र पाठवता आलं तेव्हा तिकडचे सरकारी लोक ते उघडून वाचणार हे माहीत होतं, म्हणून एका ओळीत लिहिलं, 'मी हवेच्या नळांच्या कंपनीत आहे.' आईचं उत्तर आलं, 'माझा इंजिनियर.' मी एकवीस वर्षांचा होतो. १९४४ साली रशियन येत होते तेव्हा स्वीडनला निघालेल्या मामाच्या नावेत एकच जागा होती आणि ती मला मिळाली होती, तू आणि ती किनाऱ्यावर राहिलात. त्या जागेचं काहीतरी करून दाखवलं असं तिला वाटत होतं. मी दुरुस्त केलं नाही. मग ती गेल्यावर दुरुस्त करण्यात अर्थ राहिला नाही असं स्वतःला सांगितलं.

मी नळ साफ करायचो. कापडगिरण्यांमधले. कोपरांवर रांगत आत शिरायचं, ब्रशने सुताची धूळ सोडवायची, पिशवीत भरायची. बत्तीस वर्षं. मी आत असताना पंखे बंद असायचे ताई. हवा कुठून येते आणि कुठे जाते हे मी कधी पाहिलंच नाही. ती धूळ आता माझ्या छातीत आहे. जूनमध्ये मी कुठल्याही सल्ल्याच्या कामावर नव्हतो, इथेच होतो.

पण हे सांगायला पत्र नाही. एप्रिलमध्ये इथे शेजारच्या खाटेवर गिरणीतला खरा इंजिनियर होता, निवृत्त. मी त्याला मोठेपणाने तुमच्या चर्चची गोष्ट सांगितली. तो ऐकता ऐकता उठून बसला. सिग्नेने सांगितलं तेच त्याने सांगितलं, पाण्यापासून झरोक्यांपर्यंत. "आजच कळव," म्हणाला. मी कागद घेतला. 'झरोके ताबडतोब उघडा' असं लिहिलं. मग वाटलं, तू विचारशील, आधी का नाही सांगितलंस? तो कागद मी टाकला नाही, पेटीत ठेवला. मग तुझं पत्र आलं, भिंतीचं ठीक आहे. मला तेवढंच हवं होतं.

निम्म्या वाचल्या असत्या, असं तू लिहिलंस. त्या निम्म्या माझ्या.

मी आज पाळकांना आणि तुमच्या सभेला वेगळं पत्र पाठवलं आहे. तू काही केलं नाहीस, सगळं माझ्या सांगण्यावरून झालं, आणि मी कोण होतो, हे सगळं त्यात आहे. अडवू नकोस, ते गेलं.

एंडेल


तोर्ना
१४ डिसेंबर १९९७

प्रिय एंडेल,

लगेच उत्तर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. खरं सांगायचं तर तुझं पत्र वाचून मी दोन आठवडे तुझ्यावर इतकी चिडले होते, की तुझे फोटो कपाटात उलटे ठेवले.

तुझं दुसरं पत्र नोव्हेंबरच्या सभेत वाचलं गेलं. पाळकांनी वाचलं. नळांत रांगण्याचा भागही त्यांनी सगळा वाचला.  मग शाळेतल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे आपण त्याच्यावर विश्वास ठेवला." आणि आर्वेद म्हणाला, "त्याला कशाला बोलता. शिडी धरायला आपणच होतो ना." त्याच बैठकीत ठराव झाला. पहिल्या जानेवारीपासून तोर्नाची मंडळी किहेलमध्ये. चर्चची किल्ली मी पाळकांच्या हातात दिली. माझ्याकडे ती सात वर्षं होती.

मिन्ना एकवीस नोव्हेंबरला गेली. तिने सांगून ठेवलं होतं, मला कोबीच्या वासातून नेऊ नका. पाळकांनी डीनसाहेबांना विनवलं आणि अर्ध्या तासासाठी कुलूप निघालं. शेगडी नाही, मेणबत्त्याही नाहीत, सिग्नेने सांगितलं होतं. झरोके आता उघडे आहेत, आर्वेदने सगळ्या चिंध्या ओढून काढल्या. पायांवरून बोचरी हवा जात होती. आम्ही अकराजण उभ्याने गायलो. गायकवर्गातले तिघंच आले, बाकीच्यांना किहेलच्या गायकवर्गात घेतलंय.

आता मला सांगायचंय ते.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी एकटी आत होते. तिसऱ्या कुमारीच्या गालावर काळं पसरलं होतं. ईस्टरला माणसं येणार, पुन्हा काहीतरी चर्चा होणार, म्हणून मी कोमट पाण्यात व्हिनेगर घातलं, फडकं घेतलं आणि शिडीवर चढले. खिडकीची चौकट पुसावी तसं पुसलं. काळं निघालं. फडक्याकडे पाहिलं तर त्यावर गुलाबी होतं. वर बघितलं तर गाल नव्हता. एंडेल, मी तिथे थांबायला हवं होतं. मला वाटलं, एकटीचाच चेहरा असा कोरा राहिला तर नजरेत भरेल. म्हणून शेजारच्या तिघींचेही पुसले.

सिग्नेला ते कळलं होतं. शिडीवरून म्हणाली, "हे चार चेहरे वेगळे गेलेत. हे गळलेले नाहीत. कुणी पुसलं का?" मी नाही म्हटलं. आर्वेद खाली शिडी धरून होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याबद्दल आजवर कुणाशी बोललेला नाही.

म्हणजे गेलेल्या सातांतल्या चार माझ्या आहेत, तुझ्या नाहीत. तू लिहिलंस, सगळं तुझ्यामुळे झालं. पाळकांनी ते वाचलं, चिटणिसांनी वहीत उतरवून घेतलं. मी तिथेच पुढच्या रांगेत होते. उठून चार शब्द बोलायचे होते. मी बसून राहिले. तुझं नाव वहीत गेलं आणि ते मी जाऊ दिलं.

तुझ्याकडे यायला पासपोर्टचं विचारलं. फेब्रुवारीच्या आत नाही म्हणतात, आणि डॉक्टरांनी तुला काय सांगितलं ते तू लिहिलं नाहीस तरी मला कळतं. तिथे तुझ्या वॉर्डात कुणाला आपली भाषा येत नाही. तुला स्वतःला वाचायची ताकद राहिली नसेल तर हे पत्र कुणीच वाचणार नाही. तरी पाकिटात घालते आहे. टपालाची गाडी तीनला निघते.

वाइके